थंड प्रदेशातलं घर: पानगळीत येणारे किडे आणि हिवाळ्यात घामेजणाऱ्या काचा

पूर्व पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीकडे नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांतून सप्टेंबर संपता संपता एकाच तऱ्हेचे फोन येतात. खिडकीवर तपकिरी, ढालीच्या आकाराचे किडे बसलेत, फवारा मारला तरी दुसऱ्या दिवशी तितकेच दिसतात. डिसेंबरात त्याच घरातून दुसरा फोन येतो: काचांवरून पाणी ओघळतंय, चौकटीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरलीय. मी दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरी हे दुरुस्त करायला जातो, आणि दोन्ही तक्रारींचा माग बहुतेक वेळा एकाच ठिकाणी पोचतो. ज्या फटीतून किडा आत येतो, त्याच फटीतून तापवलेली हवा बाहेर जाते आणि कोरडी, गार हवा आत शिरते. घर कोरडं पडलं की आपण ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र, लावतो, आणि तो ओलावा गार चौकटीवर जाऊन बसतो. म्हणून इथे औषधापेक्षा फटीबद्दल जास्त लिहिलं आहे.

लक्षणं

काय दिसतंय, घराच्या कोणत्या बाजूला आणि कोणत्या महिन्यात, हे आधी लिहून काढा. निदानाचा मोठा भाग महिन्यावरूनच होतो.

- सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर: एक-दोन गार रात्रींनंतर ऊन पडलेल्या दुपारी दक्षिण आणि पश्चिम भिंतींवर किडे जमतात, संध्याकाळपर्यंत काही घरात आलेले असतात.
- जानेवारी-फेब्रुवारी: मध्येच एखादा उबदार दिवस आला की तेच किडे सुस्तपणे पडद्यांवर आणि दिव्यांभोवती फिरू लागतात.
- नोव्हेंबरपासून पुढे: आत आणलेल्या कुंड्यांभोवती बारीक काळी चिलटं.
- वर्षभर केव्हाही: पिठाच्या डब्यात जाळं, तांदळात टोके.
- बाथरूम किंवा तळघरात रात्री दिवा लावताच पळणारी चंदेरी कसर.
- काचेवर पाणी किंवा गोठलेला थर, चौकटीवर काळे ठिपके.
- किंवा याच्या उलट: ओठ फाटणं, नाकातून रक्त येणं, दाराच्या मुठीला हात लावताच झटका बसणं.

पहिली तपासणी: किडा कोणता आहे

याला पैसे लागत नाहीत आणि पुढचं सगळं यावर ठरतं. चांगल्या उजेडात फोटो काढा, शेजारी एखादं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल.

लांबी दीड सेंटीमीटरच्या आसपास, ढालीसारखी पाठ, मिशांवर पांढरे पट्टे असतील तर तो स्टिंक बग. हा मूळचा चीन, जपान, कोरियाकडचा. अमेरिकेत तो पहिल्यांदा १९९८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनला सापडला आणि २००१ मध्ये त्याची नक्की ओळख पटली. हिवाळा काढायला त्याला कोरडी, अरुंद, निवाऱ्याची जागा लागते, आणि साइडिंगच्या, म्हणजे बाहेरच्या भिंतीवरच्या पट्ट्यांच्या आवरणाच्या, मागची पोकळी त्याला नेमकी तशी मिळते. तो चावत नाही, घरात अंडी घालत नाही, लाकूड किंवा कपडे खात नाही.

नारिंगी-लाल, ठिपक्यांचा, डोक्यामागच्या पांढऱ्या भागावर इंग्रजी 'एम'सारखी काळी खूण असलेला किडा म्हणजे आशियाई लेडी बीटल. तो पिकांवरचा मावा खातो म्हणून मुद्दाम इकडे सोडला गेला होता. भिंतीवर चिरडलात तर पिवळा डाग पडतो आणि वासही सुटतो. काळ्या अंगावर लाल रेघा असतील तर बॉक्सएल्डर बग. आवारात किंवा शेजारी त्या नावाचं मेपलच्या जातीचं झाड असण्याची शक्यता दाट. माळ्यावर आणि वरच्या मजल्याच्या खिडक्यांत मंद, जाडसर माश्या दिसल्या तर क्लस्टर फ्लाय. त्यांच्या अळ्या हिरवळीखालच्या गांडुळांवर जगतात, तुमच्या कचऱ्याच्या डब्याशी त्यांचा काही संबंध नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण या किड्यांमुळे नव्या घरातली माणसं, विशेषतः आई-वडील देशातून आलेले असतील तर, फार ओशाळतात. घर अस्वच्छ आहे म्हणून हे किडे येत नाहीत. रोज पुसलेल्या घरातही ते तितकेच येतात.

आता महत्त्वाचा फरक. अनेकांना स्टिंक बग पाहून ढेकूण वाटतो. ढेकूण जेमतेम पाच मिलिमीटरचा, चपटा, बिनपंखांचा, तांबूस असतो आणि खिडकीपेक्षा गादीच्या शिवणीत, पलंगाच्या सांध्यात सापडतो. शेजारी काळे बारीक ठिपके असतात. तसं दिसलं तर मधलं सगळं सोडा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

ओळख पटत नसेल तर पेन स्टेट एक्स्टेन्शनची, म्हणजे पेन स्टेट विद्यापीठाच्या लोकांना सल्ला देणाऱ्या सेवेची, मदत घ्या. पेनसिल्व्हेनियातल्या प्रत्येक काउंटीत (जिल्ह्यात) त्यांचं काम चालतं आणि किडे ओळखून सांगणं हा त्या कामाचाच भाग आहे. इतर राज्यांतही तिथल्या विद्यापीठाची अशी सेवा असते. लोक स्पॉटेड लँटर्नफ्लाय या झाडांचा रस शोषणाऱ्या किड्याबद्दलही घाबरून विचारतात. तो २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्याच बर्क्स काउंटीत पहिल्यांदा सापडला, द्राक्षबागांना त्याचा मोठा त्रास आहे, पण हिवाळा काढायला तो घरात येत नाही. थंडीत प्रौढ किडे मरतात, मागे फक्त अंडी उरतात.

दुसरी तपासणी: आत आलेल्यांचं काय करताय

चिरडू नका आणि घरात फवारू नका. एका बरणीत थोडं पाणी आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब घ्या, बरणी किड्याच्या खाली धरा आणि वरून कागदाने ढकला. स्टिंक बग दचकला की बहुधा खाली पडतो, त्यामुळे हे सोपं जातं. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि किडा बुडतो. रात्री अंधाऱ्या खोलीत पसरट ट्रेमध्ये साबणाचं पाणी ठेवून वर दिवा लावला तर बरेच आपोआप जमतात. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात दुकानातल्या सापळ्यांशी तुलना केली तेव्हा हाच घरगुती उपाय सरस ठरला होता. संख्या जास्त असेल तर व्हॅक्यूम वापरा, पण नळीच्या आत जुना पायमोजा घालून तोंडावर रबर लावा. मोजा बाहेर काढून साबणाच्या पाण्यात उलटा केला की यंत्राला वास लागत नाही.

फवाऱ्याला विरोध का, तर भिंतीच्या पोकळीत मेलेले किडे तिथेच पडून राहतात आणि त्यांच्यावर कार्पेट बीटल वाढतात. ते मात्र लोकर आणि रेशीम खातात, म्हणजे कपाटातल्या पैठणीपर्यंत पोचू शकतात. खोलीत धूर सोडणारे फॉगर तर नकोच. त्यांचं औषध फटींच्या आत पोचत नाही आणि गॅसच्या उपकरणात सतत तेवणाऱ्या पायलट ज्योतीजवळ आग लागण्याचा धोका असतो. देशातून आणलेला मुंग्या-झुरळांचा खडू इथे बेकायदेशीर आहे, आणि लहान मुलं तो साधा खडू समजून तोंडात घालतात. माळ्यावर डांबराच्या गोळ्या पसरू नका. उघड्या जागेत त्यांची वाफ किड्यांना हटवत नाही, खालच्या खोल्यांत मात्र उतरते.

तिसरी तपासणी: तुळस आणि कढीपत्ता

चिलटं दिसली की लोक आधी सिंककडे बोट दाखवतात. खात्री करायला रात्री ड्रेनच्या तोंडावर चिकटपट्टी लावा, चिकट बाजू खाली, थोडी जागा मोकळी सोडून. सकाळी पट्टी कोरी असेल तर कुंड्यांकडे वळा. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत चिलटं कुंडीतूनच निघाली आहेत.

कारण साधं आहे. उन्हाळाभर डेकवर वाढलेला कढीपत्ता आपण आत आणतो, उजेड कमी झाल्यामुळे त्याची वाढ थांबते, पानंही गळतात. झाड सुकतंय असं वाटून आपण पाणी वाढवतो. सतत ओल्या राहिलेल्या मातीत फंगस नॅट, म्हणजे हीच चिलटं, अंडी घालतात. पाणी कमी करा. वरची दोन-तीन सेंटीमीटर माती कोरडी झाल्याशिवाय पुन्हा घालू नका. पिवळ्या चिकट पट्ट्या कुंडीत खोचा, त्यावर उडणारी चिलटं अडकतात. अळ्यांसाठी डासांच्या अळ्यांवर मिळणारी बीटीआय जिवाणूंची वडी पाण्यात भिजवून ते पाणी घाला. तुळशीला आणि कढीपत्त्याला त्याने अपाय होत नाही.

पुढच्या वर्षी रात्रीचं तापमान १० अंश सेल्सिअसवर (इथले सगळे अंश सेल्सिअसमध्येच आहेत) येण्याआधी झाडं आत आणा, पण त्याआधी पानांच्या खालच्या बाजू पाण्याच्या धारेने धुवा आणि कुंडी उलटून तळाचं भोक पाहा. मुंग्या, मावा, पांढरी माशी यांतलं बरंचसं तिथेच थांबतं. कोळ्याच्या जातीचे लाल माइट कोरड्या, गरम हवेत झपाट्याने वाढतात, म्हणून कुंडी हीटिंगच्या झरोक्यासमोर ठेवू नका.

स्वयंपाकघर

इथे थोडक्यात. भारतीय दुकानातून दहा-वीस पौंडांच्या पिशव्या आणतो, त्या महिनोन् महिने पुरतात, आणि घर हिवाळ्यातही २१ अंशांवर असल्याने टोके आणि पतंग यांना थंडी लागतच नाही. डब्याच्या झाकणाच्या आटीत जाळं आहे का ते पाहा. संशय असलेला माल फेका. बाकीची पिठं, रवा, डाळी उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान चार दिवस ठेवा, मोठी पिशवी असेल तर आठवडाभर, आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. अंडीही मरतात ती थंडीनेच. कडुलिंबाच्या पाल्यावर किंवा लवंगांवर अवलंबून राहू नका.

ओलावा मोजा

दहा-पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक घ्या. या यादीत विकत घ्यायची पहिली वस्तू हीच. अंदाजाने ह्युमिडिफायर चालवणं हे काचा घामेजण्याचं मुख्य कारण आहे.

बाहेर उणे १० अंश असताना हवा पूर्ण भरलेली असली तरी एका घनमीटरमध्ये जेमतेम दोन ग्रॅमच्या वर पाणी असतं. तीच हवा घरात येऊन २१ अंशांवर तापली की सापेक्ष आर्द्रता १०-१२ टक्क्यांवर येते. मुंबई-कोकणातून आलेल्या माणसाला ते सहन होत नाही, म्हणून तो ह्युमिडिफायर ५० वर लावतो. पण २१ अंश आणि ५० टक्क्यांना दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसू लागते तो, सुमारे १० अंश येतो. काचेचा जो भाग त्याहून गार, तिथे पाणी धरणार. ४० टक्क्यांना दवबिंदू ७ अंशांच्या आसपास, ३० टक्क्यांना ३ अंशांच्या आसपास. म्हणून साधारण थंडीत ३५ ते ४०, कडाक्याच्या थंडीत ३०, आणि उणे २० कडे गेलं तर २५ वर समाधान माना. ओठांना तूप लावा, मुलांच्या नाकासाठी सलाइनचे थेंब ठेवा. चौकट कुजवून हवा ओली ठेवण्यात फायदा नाही. ओलावा सतत जास्त राहिला तर कसर आणि बुरशीवर जगणाऱ्या बारीक पुस्तकी उवा वाढतात. त्यांना औषध लागत नाही, कोरडेपणा पुरतो.

ह्युमिडिफायर नसतानाही काचा ओल्या होत असतील तर ओलावा कुठून येतोय ते शोधा. कुकर, उकळता चहा, आत वाळत घातलेले कपडे. ओट्यावरचा पंखा चालू करून पाहा: हवा तुमच्या कपाळावर येत असेल तर तो हवा फक्त फिरवतोय, बाहेर टाकत नाही. अशा घरात स्वयंपाकाच्या वेळी जवळची खिडकी बोटभर उघडा. बाथरूमच्या पंख्याच्या जाळीला टिश्यू लावा. तो चिकटून राहिला पाहिजे. अंघोळीनंतर वीस-तीस मिनिटं पंखा चालू द्या. त्याची नळी माळ्यात मोकळी सोडलेली नाही ना हेही पाहा. सोडलेली असेल तर ती वाफ छताच्या खिळ्यांवर गोठते, ऊन पडलं की टपकते, आणि लोक छत गळतंय समजून छतवाल्याला बोलावतात.

रात्री पडदे काचेला चिकटवून बंद केले तर काच आणखी गार होते, खाली थोडी जागा सोडा. पाणी दोन काचांच्या मधे असेल तर मात्र काचेचं सील गेलंय. ती काच बदलणं हाच उपाय.

उदबत्तीची तपासणी

मला सगळ्यात भरवशाची वाटणारी तपासणी ही, आणि साहित्य देवघरातच आहे. वारा असलेला थंड दिवस निवडा. सगळ्या खिडक्या-दारं बंद करा, थर्मोस्टॅटवरून हीटिंग बंद करा, उदबत्ती लावा आणि पडद्यांपासून लांब धरून खिडकीच्या कडेने सावकाश फिरवा. धूर सरळ वर जातोय तिथे ठीक. जिथे तो एकदम आडवा होतो किंवा ओढला जातो, तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावून खूण करा. ओट्याचा आणि बाथरूमचा पंखा चालवल्याने फटी आणखी स्पष्ट कळतात, पण घरात धूर चिमणीतून सोडणारा जुना गॅस वॉटर हीटर असेल तर पंखे लावू नका. त्याचा धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो.

कुठे पाहायचं: खिडकीच्या दोन्ही तावदानांचा जोड, दाराखालची फट, बाहेरच्या भिंतीवरचे प्लग, सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो ती जागा, ड्रायरची नळी, छतातले खोबणीचे दिवे आणि माळ्याचं झाकण. माळ्याचं झाकण बहुतेक जण विसरतात. गरम हवा वर चढून तिथून निघून जाते आणि तेवढीच गार हवा खालच्या मजल्यावरून आत ओढली जाते, म्हणून वरची फट बुजवली की खालच्या खोल्यांतला गारवाही कमी होतो. स्टिंक बगही भिंतीवर चढत वरपर्यंत जातात आणि तिथूनच आत येतात.

भाड्याचं घर असेल तर दोरीसारखं मिळणारं कॉल्क, म्हणजे फटी बुजवायचं लुकण, वापरा, ते वसंतात सोलून काढता येतं. जोडीला दाराखाली स्वीप (फट झाकणारी पट्टी), चौकटीला फोमची पट्टी, आणि आतून लावून हेअर ड्रायरने ताणून घ्यायचं खिडकीचं प्लास्टिक. खिडकीतला एसी थंडीआधी काढा. स्वतःचं घर असेल तर आतल्या चौकटींना अ‍ॅक्रिलिक कॉल्क लावा. बाहेरच्या भिंतीवरच्या प्लगमागे फोमची गादी बसवताना आधी ब्रेकर बंद करा.

सिंकखालचं भोक आधी बुजवा. किडे तिथून येतातच, शिवाय त्या गार झोतानेच पाइप गोठून फुटतो. डिसेंबरात देशात जाताना हीटिंग बंद करून जाऊ नका. थर्मोस्टॅट १३ अंशांवर, म्हणजे ५५ फॅरनहाइटवर ठेवा, पाण्याची मुख्य तोटी बंद करा, नळ उघडून पाणी काढून टाका आणि सिंकखालची कपाटं उघडी ठेवा.

बाहेरची बाजू

ही कामं ऑगस्टमध्ये आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करायची. किडे भिंतीत शिरल्यावर बुजवलं तर ते आतच अडकतात आणि मग खोल्यांत उतरतात. शिवाय अ‍ॅक्रिलिक कॉल्क ४-५ अंशांखाली नीट धरत नाही. साइडिंग आणि चौकटीचा जोड, केबल आणि एसीच्या नळ्या शिरतात ती भोकं, फाटलेल्या जाळ्या, यांवरून हात फिरवा. चौकटीभोवती फोम भरायचा तर खिडकी-दारांसाठीचा कमी फुगणाराच घ्या, नाहीतर चौकट वाकते आणि खिडकी उघडत नाही.

काय बुजवायचं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. विटांच्या भिंतीत खाली मुद्दाम ठेवलेली छिद्रं पाणी निघून जाण्यासाठी असतात. त्यांत हवं तर स्टीलची जाळी घाला. छपराखालचे झरोके, ड्रायरचं तोंड, फर्नेस (घर तापवणारी भट्टी) आणि वॉटर हीटरच्या नळ्या, त्यांना हवा पुरवणारे मार्ग यांना हात लावू नका. घर घट्ट करण्याआधी प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म चालू आहे याची खात्री करा.

इथे थांबा, माणूस बोलवा

शिडी दुसऱ्या मजल्यापर्यंत लावावी लागत असेल तर ते काम तुमचं नाही. जुन्या घराच्या माळ्यावर राखाडी-सोनेरी, खड्यांसारखं व्हर्मिक्युलाइट नावाचं इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) पसरलेलं दिसलं तर ते हलवू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. चिनी मातीच्या गुंडाळ्यांवरून गेलेली जुनी वायर दिसली तर इलेक्ट्रिशियनने पाहिल्याशिवाय तिच्यावर इन्सुलेशन टाकू नका. माळ्यावर वटवाघळं असतील तर फट बुजवण्याआधी वन्यजीव हाताळणाऱ्याला विचारा, पिल्लांच्या दिवसांत त्यांना कोंडणं चुकीचं आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर आधी बाहेर पडा, मग ९११ या तातडीच्या मदतीच्या नंबरावर फोन करा.

चौकटीजवळ लाकडाचा भुसा पडत असेल आणि काळ्या मोठ्या मुंग्या दिसत असतील, तर कार्पेंटर अँट ओल्या लाकडात घर करतायत. तिथे कीटकनियंत्रण आणि सुतार दोघेही लागतील. ढेकूण किंवा झुरळं असतील आणि घर भाड्याचं असेल तर घरमालकाला त्याच दिवशी लेखी कळवा, फोटो जोडा. गाद्या, उशा दुसऱ्या खोलीत हलवू नका, ढेकूण त्यांच्याबरोबर पसरतात.

सगळं करूनही उदबत्तीचा धूर आडवाच होत असेल तर ऊर्जा तपासणी करणाऱ्याला बोलवून ब्लोअर डोअर चाचणी करून घ्या. दारात पंखा लावून घरातला दाब कमी करतात आणि उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने फटी दाखवतात. स्टिंक बगसाठी कीटकनियंत्रणवाल्याला बोलवायचंच असेल तर सप्टेंबरच्या उत्तरार्धात, किडे भिंतीवर जमू लागतात तेव्हा, आणि फवारणी फक्त बाहेरून, खिडक्या-दारांच्या कडांना आणि छपराच्या वळचणीला. जानेवारीत येऊन घरात फवारतो म्हणाला तर नको म्हणा, आणि तेच पैसे माळ्याचं झाकण नीट बसवायला वापरा.